दूरचा आवाज आणि आपला हात

ज्या उद्योगापासून पैसा मिळत नाहीं, अधिकार मिळत नाहीं व पुण्यहि लागत नाहीं, तो उद्योग करणाऱ्या माणसाकडे आमच्या समाजांत दोनच दृष्टींनीं पाहिलें जातें. एक तर तो वेडा ठरतो, किंवा त्याच्या घरीं पैसा उतूं जात आहे असें समजण्यांत येतें. हौशी बिनतारीचा नाद बाळगणारे जे थोडे लोक आमच्यांत आहेत, त्यांना या दोन्ही पदव्या वेळोवेळीं मिळाल्या आहेत. त्यांतहि जो कोणी लघुलहरींवर ए. एम. या जुन्या पद्धतीनें बोलून समुद्रापलीकडील अनोळखी माणसास गांठण्याची खटपट करतो, त्याला तर त्याचे समानधर्मीहि हंसतात. खिशांतील दूरध्वनीवरून क्षणार्धांत लंडनशीं बोलतां येत असतां हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न शहाण्यासुरत्या लोकांकडून विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, दूरध्वनीवर बोलतांना आपण दुसऱ्यानें बांधलेल्या रस्त्यानें जातों, ए. एम.वर बोलणारा आपला रस्ता आपण बांधतो. रस्ता बांधण्याची विद्या सामान्य माणसाच्या हातीं शिल्लक राहावी कीं नाहीं, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

प्रथम ही पद्धति काय आहे तें सांगणें अवश्य आहे. प्रक्षेपकांतून एक स्थिर लहर अखंड बाहेर पडत असते. तिला वाहक लहर म्हणावें. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें या लहरीची उंची कमीअधिक केली, कीं आवाज तिच्यावर स्वार होऊन निघतो. या स्वारीमुळें वाहक लहरीच्या दोन्ही अंगांस आवाजाचे दोन पट्टे उत्पन्न होतात व दोहोंतील मजकूर एकच असतो. ऐकणाऱ्याच्या बाजूस तर काम याहून सोपें आहे: इष्ट लहर निवडणारें एक वेटोळें व एक धारित्र, आणि त्या लहरीवरील आवाज सुटा करणारा एक डायोड, हा ग्राहकयंत्राचा गाभा. ज्या पद्धतीनें मध्यमलहरींवरील बातम्या व गाणीं आमच्या वाडवडिलांनीं ऐकलीं, तीच ही पद्धति. म्हणूनच त्या कंपनसंख्येपर्यंत पोंचणाऱ्या कोणत्याहि साध्या रेडिओवर ए. एम.चा हौशी आवाज माणसाचा म्हणून ओळखूं येतो. उलट आज हौशी मंडळींत रूढ असलेली जी एस. एस. बी. पद्धति, तिचें बोलणें अशा रेडिओवर बदकांच्या कलकलाटासारखें लागतें.

ए. एम.चे दोष आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. वाहक लहर १०० वॉटांची असली व तिच्यावर एका शुद्ध स्वराची पुरी स्वारी केली, तर बाहेर पडणारी एकूण शक्ति १५० वॉट भरते. त्यांतील १०० वॉट त्या मुक्या वाहक लहरींतच खर्च होतात आणि आवाजाच्या एकेका पट्ट्यास अवघे २५ वॉट येतात. शिवाय ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजास ६ किलोहर्ट्झ जागा व्यापली जाते. एस. एस. बी.नें वाहक लहर दाबून टाकली, दोहोंपैकीं एक पट्टा गाळला आणि सारी शक्ति उरलेल्या एका पट्ट्यांत घातली. त्यामुळें जागा निम्मी लागूं लागली व त्याच यंत्राचा आवाज अधिक लांब जाऊं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील हौशी लोकांत ही नवी रीति पसरली, १९५० नंतरच्या दशकांत तिच्यावरून दोन पक्षांत कडाक्याचें भांडण जुंपलें, आणि अखेर ए. एम. मागें पडलें. हा निकाल अन्यायाचा झाला असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. वाडवडिलांनीं वापरलें म्हणून पूज्य, ही भावना धर्मांत असो वा यंत्रांत असो, आम्ही सारखीच त्याज्य मानतों. जुन्या व्हाल्व्हच्या तांबूस उजेडाकडे पाहून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं.

परंतु नवें म्हणून ग्राह्य, हीहि एक अंधश्रद्धाच आहे, आणि आजच्या शिकलेल्या लोकांत तिचा जोर अधिक आहे. एखादी रीति त्याज्य कीं ग्राह्य हें तिच्या वयावरून न ठरवितां ती कोणत्या कामास लावावयाची यावरून ठरवावें, हाच विवेकाचा मार्ग होय. कमीत कमी शक्तींत जास्तीत जास्त लांब निरोप पोंचविणें एवढाच हेतु असेल, तर ए. एम. वापरणें हा उधळेपणा आहे. परंतु ज्याला विद्या शिकावयाची आहे, ज्याला आपलें यंत्र अथपासून इतीपर्यंत समजून घेऊन स्वतःच्या हातानें जुळवावयाचें आहे, त्याला हीच पाठशाळा सर्वांत सुगम आहे. एस. एस. बी.चें यंत्र बहुधा विकत आणावें लागतें, ए. एम.चें लहानसें यंत्र महाविद्यालयांतील विद्यार्थी सुटे भाग जमवून, सोल्डरचे डाग देऊन, कांहीं आठवड्यांत उभें करूं शकतो. त्यांतील प्रत्येक भाग काय करतो हें त्याला बोट ठेवून दाखवितां येतें. शिक्षणाचा याहून वेगळा अर्थ आम्हांस ठाऊक नाहीं.

या विद्येचा इतिहासहि हेंच सांगतो. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें हौशी लोकांना २०० मीटरांहून लांब लहरींवरून हांकून दिलें. त्याहून आंखूड लहरी दूरच्या कामास निरुपयोगी, असें त्या वेळच्या जाणत्यांचें मत होतें; म्हणजे गांवकुसाबाहेरची पडीक जमीन देऊन या लोकांची बोळवण करण्यांत आली. त्या पडीक जमिनींतच सोनें निघालें. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस येथील लेआँ दलुआ यानें सुमारें ११० मीटरांवर अमेरिकेंतील हौशी मंडळींशीं अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण केलें. १९२४ च्या ऑक्टोबरांत लंडनमधील मिल हिल शाळेचा सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी आणि न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांची पृथ्वीच्या दोन टोकांवरून गांठ पडली. हे संपर्क मोर्सच्या कडकट्टांत झाले होते. पण आवाजहि फार मागें राहिला नाहीं. इंग्लंडांतील कॅटरहॅम या गांवच्या जेराल्ड मार्क्यूज या हौशी गृहस्थानें १९२७ सालीं आपल्या घरांतून लघुलहरींवर बोलून साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांत कार्यक्रम ऐकविले. बी. बी. सी.ची साम्राज्यसेवा त्यानंतर पांच वर्षांनीं, १९३२ च्या डिसेंबरांत सुरू झाली. मोठ्या संस्थेनें जें मागाहून केलें, तें एका माणसानें आपल्या घरच्या खोलींतून आधीं करून दाखविलें होतें.

यांतील गॉयडरचें नांव आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. हाच मुलगा पुढें १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन आपल्या देशांत आला. एवढ्या विस्तीर्ण देशास मध्यमलहरींच्या थोड्या केंद्रांनीं पुरे पडणें शक्य नाहीं, म्हणून लघुलहरींचा आश्रय करावा, या धोरणाचा तो पुरस्कर्ता होता, आणि १९३७ व १९३८ या दोन वर्षांत दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें लघुलहरींचे प्रक्षेपक उभे राहिले. शाळेंतील खोलींत रात्रीं जागून केलेला एका मुलाचा रिकामा उद्योग बारा वर्षांनीं कोट्यवधि लोकांच्या कामीं आला. मुलांच्या अशा उद्योगांस 'अभ्यास सोडून चाळे' म्हणणाऱ्या पालकांनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा.

आतां हा आवाज इतक्या लांब जातो कसा? पृथ्वीच्या वर, सुमारें ६० किलोमीटरपासून कित्येक शें किलोमीटरपर्यंत, सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले हवेचे थर आहेत. त्यांस आयनांबर म्हणतात. त्यांतील वरचा, २०० ते ४०० किलोमीटर उंचीचा थर लघुलहरींस वांकवून परत जमिनीकडे पाठवितो. अशा एका उडींत लहर फार तर ४,००० किलोमीटर जाते, व पुन्हां जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळून दुसरी उडी घेते. मुंबईहून लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे दोन उड्यांत पल्ला गांठतां येतो. दिवसा सर्वांत खालचा थर ७ मेगाहर्ट्झसारख्या कमी कंपनांच्या लहरी शोषून घेतो, म्हणून त्या पट्ट्यांत दूरचा संपर्क रात्रींच साधतो. उलट २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे १० मीटरांचा पट्टा दिवसा उघडतो, आणि तोहि सूर्य जोरांत असेल तेव्हांच. सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें अकरा वर्षांचें असून ताजें चक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरांत आलें होतें. असा भर असतांना आपल्याकडून सकाळीं पूर्वेकडे जपान-ऑस्ट्रेलियाच्या बाजूस व दुपारनंतर पश्चिमेकडे युरोपच्या बाजूस कान द्यावा. भर ओसरला म्हणजे तोच पट्टा दिवसेंदिवस मुका राहतो. ज्यास हें साधावयाचें, त्यास ऋतु, प्रहर व सूर्य या तिघांची मर्जी पाहावी लागते. पंचांग चाळून मुहूर्त काढणाऱ्या समाजांत निदान कांहीं तरुणांनीं तरी हें खरें आकाश पाहण्यास शिकावें, असें आम्हांस फार वाटतें.

साधनेंहि अवाढव्य लागतात असें नाहीं. १० मीटरांच्या पट्ट्यांत २९ मेगाहर्ट्झच्या आसपास ए. एम.ची मंडळी भेटतात. हा पट्टा २८ पासून २९.७ मेगाहर्ट्झपर्यंत ऐसपैस पसरलेला असल्यामुळें तेथें ६ किलोहर्ट्झ घेतल्यानें कोणाच्या अंगणांत पाय पडत नाहीं. ७ मेगाहर्ट्झच्या अरुंद व गजबजलेल्या पट्ट्यांत मात्र गर्दीच्या वेळीं ए. एम. वापरणें हा शेजारधर्माचा भंग होईल. २९ मेगाहर्ट्झसाठीं लागणारी अर्ध्या लहरीची तार सुमारें ५ मीटर लांबीची, म्हणजे चाळीच्या गच्चीवर दोन बांबूंच्या आधारें सहज ताणतां येण्याजोगी असते. एस. एस. बी.वर १०० वॉट देणारें यंत्र ए. एम.वर सुमारें २५ वॉटांचीच वाहक लहर देऊं शकतें, कारण पुऱ्या स्वारीच्या क्षणीं शक्तीचें शिखर वाहकाच्या चौपट होतें. परंतु पट्टा उघडा असला कीं तेवढ्या शक्तीवरहि खंड ओलांडले जातात. कधीं कधीं वाटेंत वाहक लहर विरते आणि पट्टे तेवढे शिल्लक राहतात. त्या वेळीं आवाज चिरकतो व कांहीं कळेनासें होतें. अशा वेळीं जाणता श्रोता दोहोंपैकीं स्वच्छ असलेला एकच पट्टा निवडून ऐकतो. येथें यंत्राइतकाच कान कामास येतो, आणि कान विकत मिळत नाहीं.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, हें सारें ठीक. पण यांत समाजसुधारणेचा संबंध कोठें आला? आमच्या मतें तो अगदीं मुळाशीं आहे. आमच्या देशाचें फार जुनें दुखणें असें कीं, ज्याच्या हातीं पोथी त्याच्या हातीं हत्यार नाहीं, आणि ज्याच्या हातीं हत्यार त्याला पोथीस शिवण्याची मनाई. विचार करणारे हात राबवीत नव्हते व राबणाऱ्यांस विचार करूं दिला जात नव्हता. जातींच्या उतरंडीनें ही फारकत शतकानुशतकें पोसली, आणि कायद्यानें ती उतरंड अमान्य केल्यावरहि तिचा वास आमच्या शाळा-महाविद्यालयांतून गेलेला नाहीं. विद्युत्शास्त्राची पदवी घेतलेला तरुण तारेस डाग देतांना कचरतो, व दुकानांत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिरास त्या शास्त्राचें पुस्तक परकें वाटतें. हौशी बिनतारीच्या खोलींत या दोघांना एकाच बांकावर बसावें लागतें. सूत्र ठाऊक असून डाग कच्चा राहिला तर आवाज निघत नाहीं, आणि डाग पक्का असून सूत्र चुकलें तरीहि निघत नाहीं. आयनांबर कोणाची जात, पदवी किंवा वशिला विचारीत नाहीं.

या विद्येचा अभाव केवढा महाग पडतो हें आम्ही एकदां पाहिलेलें आहे. १९४२ च्या ऑगस्टांत पुढाऱ्यांची धरपकड झाल्यावर मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला. तो ४२.३४ मीटरांवर, म्हणजे आज हौशी लोकांच्या वाट्यास असलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच बोलत होता, आणि लोकांच्या घरांतील साध्या रेडिओवर ऐकूं यावा म्हणून तो साध्या आवाजांतच, म्हणजे ए. एम.वरच बोलत होता. त्याचें यंत्र जुळविण्यांत पूर्वीं हौशी परवाना असलेल्या एका तंत्रज्ञाचा हात होता; महायुद्ध सुरू होतांच असे परवाने सरकारनें रद्द केले होते. जागा बदलीत बदलीत हें केंद्र कांहीं महिने टिकलें. पुढें तो तंत्रज्ञच पोलिसांच्या हातीं लागला, त्याच्याकडून ठिकाणाचा पत्ता फुटला, व १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं छापा पडला. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या धैर्यास तोड नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या शहरांत असें यंत्र जाणणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं असावींत, आणि एक माणूस फुटला कीं सारा आवाज बंद पडावा, यांत जो धडा आहे तो केवळ गुलामगिरीच्या काळापुरता नाहीं. जी विद्या थोड्यांच्याच हातीं असते ती समाजाच्या मालकीची नसते. २००४ च्या डिसेंबरांत समुद्राची प्रचंड लाट अंदमानवर आली, तेव्हां दूरदेशीं संपर्क साधण्याच्या हौसेनें पोर्ट ब्लेअर येथें गेलेलें हौशी पथक तेथें होतें. नेहमींचे तारांचे मार्ग तुटल्यावर त्यांनींच लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. हौस होती म्हणून सोय झाली. सरकारी हुकुमानें ती एका रात्रींत निर्माण झाली नसती.

आणखी एक गुण सांगून टाकूं. दूरचा संपर्क पुरा झाला असें केव्हां म्हणावयाचें? दोघांनीं एकमेकांचें नांवचिन्ह अचूक घेतलें, आणि आवाज कसा पोंचला याचा अहवाल परस्परांस दिला म्हणजे. स्पष्टतेस एक ते पांच व जोरास एक ते नऊ असे गुण द्यावयाचे असतात. दुर्दैवानें शर्यतींच्या धांदलींत हल्लीं जो तो ज्याला त्याला डोळे मिटून 'पांच नऊ' देऊन मोकळा होतो. आवाज धड ऐकूं आला नसला तरी अहवाल पैकींच्या पैकीं! समारंभांतून एकमेकांस विद्वद्रत्न म्हणण्याची आमची जी खोड, तिचीच ही बिनतारी आवृत्ति होय. ए. एम.वर स्वतःचें यंत्र घेऊन उतरलेल्या माणसास असली खुशामत नको असते. आपली वाहक लहर स्थिर आहे काय, आवाज फाटतो काय, गुणगुण येते काय, हें त्याला खरेंखरें कळावयास हवें असतें. कारण उद्यां खोली बंद करून त्याला तोच दोष काढावयाचा असतो. परक्या माणसास त्याचा दोष सौजन्यानें सांगणें, व आपला दोष त्याच्या तोंडून कृतज्ञतेनें ऐकणें, ही संवय ज्यांना लागली ते उत्तम नागरिक झाल्यावांचून राहणार नाहींत.

तेव्हां करावें काय? आमची मागणी फार मोठी नाहीं. प्रत्येक अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयानें आपल्या गच्चीवर एक तार, एक परवानाधारक शिक्षक आणि विद्यार्थ्यांनीं स्वतः जुळविलेलें एक ए. एम.चें यंत्र एवढें तरी ठेवावें. परवान्यावांचून प्रक्षेपण करूं नये, आणि परवान्यांत ज्या प्रकाराची व जितक्या शक्तीची मुभा असेल तिच्या बाहेर जाऊं नये. पण ऐकण्यापासून आरंभ करण्यास कोणाचीच हरकत नाहीं. १९७८ च्या नियमांनीं बारा वर्षांच्या मुलासहि या परीक्षेस बसण्याची मुभा दिली होती. त्या मुभेचा लाभ आम्हीं किती घेतला, हें प्रत्येक शाळेनें आपल्या मनाशीं विचारावें. जपानांत १९९५ च्या सुमारास हौशी केंद्रांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली होती, आणि आमच्याकडे शेजारच्या घरांतहि ही विद्या काय तें ठाऊक नाहीं. मुलींस या खोलीचें दार विशेष उघडें ठेवावें. उषाबाईंचें नांव घेऊन भाषणें करावयाचीं व आपल्या मुलीनें पेंचकस हातीं घेतला कीं कपाळास आंठी घालावयाची, हें ढोंग आतां पुरे. जुन्या परवानाधारकांनीं आपल्या अडगळींतील यंत्रांची पूजा न मांडतां वर्षास दोन शिष्य तयार करावे. व्हाल्व्हच्या प्रक्षेपकांत शेंकडों व्होल्टांचा प्राणघातक दाब खेळत असतो. म्हणून नवशिक्यांस आधीं ट्रान्झिस्टरवरचें लहान यंत्रच द्यावें व जाणत्याच्या देखरेखीवांचून मोठ्यास हात लावूं देऊं नये. आणि ज्यांस लेखणी चालवितां येते त्यांनीं ही विद्या सोप्या मराठींत लिहून काढावी.

आकाशवाणीनें व अनेक परदेशी नभोवाणींनीं लघुलहरींवरील आपला पसारा आंवरता घेतल्यामुळें जेथें पूर्वीं गर्दी होती तेथें आज पुष्कळ जागा शांत पडली आहे. या शांततेचा अर्थ आकाश जुनें झालें असा नव्हे. बोलणारे कमी झाले एवढाच आहे. सूर्य आपलें चक्र चुकवीत नाहीं, आणि आयनांबर कोणास भाडें मागत नाहीं. पांच मीटर तार, पंचवीस वॉट आणि आपल्या हातानें जुळविलेलें यंत्र एवढ्या भांडवलावर आमचा एखादा तरुण किंवा तरुणी साता समुद्रांपलीकडील माणसास हांक मारील, आणि तिकडून खरखरींतून आलेल्या आवाजास 'तुमचा आवाज तीन गुणांचाच पोंचला' असें प्रामाणिकपणें सांगेल, त्या दिवशीं पोथी व हत्यार यांची शतकांची फारकत निदान एका खोलींत तरी मिटलेली असेल. अशा खोल्या गांवोगांवीं वाढविणें आपल्या हातीं आहे.